एक ओळ पुरे, सर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुमची-माझी ओळख नाही — आणि अनोळखी माणसासमोर तोंड लवकर उघडतं, नाही का?

एक आधीच सांगून टाकते. मी दुःखी नाही. माझं बरं चाललंय. अमरावतीत साईनगरला आमचं घर आहे, कामावर मान आहे, मुलगी शाळेत रमली आहे, रविवारी सकाळी नवरा पोहे करतो आणि ते खरंच चांगले होतात. तेव्हा ही कुणी ओझ्याखाली दबलेली बाई आहे, असं मनात आणू नका. ओझं आहे की नाही, हेच मला नीट सांगता येत नाही. फक्त एक गोष्ट मी केली. आणि ती मी केली, हे मला एकटीलाच माहीत आहे.

गोष्ट लहान आहे. एक वाक्य आहे ते. पण त्या वाक्यापर्यंत यायला मला जरा वेळ लागेल.

आधी इंगोले सर कोण ते सांगायला हवं. सर म्हणजे कॉलेजातले नव्हेत. राजापेठेत एका कापडाच्या दुकानावर आमची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी आहे, तिथले ते सगळ्यात जुने प्रोग्रामर. मूळचे बाळापूरकडचे. ऑफिसात कुणाशी साहेबी मराठी बोलायचे नाहीत, क्लाएंटशीही नाही. मी दर्यापूरहून नोकरीला आले तेव्हा मला कोड लिहिता येत होता, आणि मला वाटायचं, तेवढं पुरतं.

माझं पहिलं काम एका कृषी केंद्राचं होतं — बियाणं, खत, औषधं, यांचा साठा कॉम्प्युटरवर. मी बसल्याबरोबर कोड लिहायला सुरुवात केली. सर आले, माझ्यासमोरचा कीबोर्ड उचलला आणि शेजारच्या टेबलावर नेऊन ठेवला. माझ्यापुढं एक कोरा कागद सरकवला.

"आधी लिह्य," म्हणाले. "मी काल गावात आलो, मले दुकानाचं काईच मालूम नाही, असं समज. मंग सांग — कोन वापरनार, त्याच्यापाशी आज काय हाय, त्याले काय पाह्यजे, अन् कशाले हात लावाचा नाही. अन् एक नमुना दे. नमुना देल्ल्याशिवाय माणसाले समजत नाही."

मला राग आला होता. कोड लिहायला आले आणि हे निबंध लिहायला लावतात! पण लिहिलं. त्यांनी वाचून परत दिलं — "औषधाची मुदत संपते, हे कुठं हाय याच्यात?" पुन्हा लिहिलं. पुन्हा परत. असं कितीदा तरी. आणि मग जेव्हा मी कोडला बसले, तेव्हा हात थांबलाच नाही. ते सॉफ्टवेअर अजून चालतं आहे.

पुढची कित्येक वर्षं मी 'सरांची पोरगी' होते. क्लाएंट तसंच म्हणायचे — सरांनी तयार केलेली पोरगी आहे, चिंता नको. लग्न झालं, मुलगी झाली, तरी तेच. ऐकायला चांगलं वाटायचं. आणि — हे पहिल्यांदाच शब्दांत आणते आहे — थोडं टोचायचंही.

मग हे एआय आलं.

आमच्या ऑफिसात सुरुवातीला त्याची टिंगलच झाली. सगळे जण त्याला 'बिलाचा कोड दे' म्हणायचे, आणि ते कुठल्या तरी परमुलखातल्या दुकानाचं बिल काढून द्यायचं. सगळे हसायचे. मीही तेच करत होते. एका दुपारी वरुडच्या संत्रा व्यापाऱ्याचं काम अडलं होतं, आणि मी वैतागून एआयच्या त्या लिहायच्या चौकोनात सगळंच लिहून काढलं. की बाबा, तू एका संत्रा व्यापाऱ्याच्या सॉफ्टवेअरवर काम करतो आहेस. वापरणारा मुनीम आहे, त्याला घाई असते, त्याला एका पानावर सगळं दिसायला हवं. माल क्रेटनं येतो, प्रतवारीनं जातो. तारीख आमच्याकडे आधी दिवस, मग महिना अशी लिहितात. हा नमुना — हे आत गेलं, तर हे बाहेर यायला हवं. जुन्या हिशेबाच्या भागाला हात लावू नकोस. आणि काही कळलं नाही तर अंदाज करू नकोस, आधी मला विचार.

त्यानं खरंच विचारलं. दोन प्रश्न, आणि दोन्ही अचूक. मग जो कोड आला तो मी वाचला, चालवून पाहिला, आणि तो पहिल्याच फटक्यात चालला.

तेव्हा मला कळलं होतं का, की ही सगळी सरांचीच शिकवण आहे? कळलं होतं. लगेच कळलं होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण 'नंतर उमगलं' असं म्हणणं फार सोपं गेलं असतं. नाही. त्याच क्षणी मला तो कोरा कागद आठवला होता.

मी कुणालाच काही बोलले नाही.

कामं भराभर व्हायला लागली. कंपनीचे मालक राजेशभाऊ दुसऱ्यांची अडलेली कामं माझ्याकडं द्यायला लागले. "मॅडम, तुमच्या हाताले गुण हाय," म्हणायचे. बाकीचे विचारायचे, तू असं काय लिहितेस त्याला? मी हसून टाळायचे. मागून कुणाची चाहूल लागली की मी खिडकी बंद करायचे — म्हणजे कॉम्प्युटरवरची. इतकी वर्षं आम्ही एकमेकांच्या खुर्चीमागं उभं राहून काम केलं होतं. तिथं माझीच एक खिडकी बंद व्हायला लागली. आणि मला ते आवडायला लागलं.

सर मात्र मागं पडत होते. नवी भाषा, नवी पद्धत, आणि त्यात हे नवं साधन. एका दुपारी ते चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आले, खुर्ची ओढून बसले. असं ते कधी करायचे नाहीत. आपणच त्यांच्याकडं जायचं, अशी रीत होती.

"मंजू, एक सांग वं," ते म्हणाले. "याले माणसासारखं सगळं सांगा लागते का? कोन, काय, कशासाठी — तसं? का मशीन हाय म्हनून आपोआप समजते त्याले?"

बघा ना हा प्रश्न. ते स्वतःच्या पायांनी दारापर्यंत आले होते. मला दार उघडावंही लागणार नव्हतं. नुसतं 'हो सर' म्हणायचं होतं. दोन शब्द. तेवढ्यावर पुढचं सगळं त्यांनी आपलं आपण केलं असतं, माझ्यापेक्षा चांगलं केलं असतं.

मी म्हणाले, "नाही सर. फार सांगितलं की ते गोंधळतं. एक ओळ पुरे."

"हाव?" ते म्हणाले. "बरं झालं विचारलं बाप्पा." आणि कप उचलून गेले.

हेच ते वाक्य.

का केलं मी हे? स्वतःला मी बरेच दिवस सांगत होते, की भीती वाटली म्हणून. ऑफिसात कुजबुज होतीच — आता एवढ्या माणसांची गरज नाही, नव्या कामाला एकच मुख्य लागेल. घराचा हप्ता होता, मुलगी लहान होती. कुणालाही पटेल असं कारण आहे, नाही का? मलाही पटत होतं. पण खरं नाही ते. राजेशभाऊंनी मला काढलं नसतं, आणि सर माझ्या वाटेत कधी आलेच नसते. ते असते तर उलट मला पुढं ढकलत राहिले असते.

खरं हे आहे, की ते विचारायला आले तेव्हा मला गोड वाटलं. इंगोले सर — माझ्या खुर्चीपाशी. मला हवं होतं की त्यांनी पुन्हा यावं. एकदाच सगळं सांगून टाकलं तर ते परत कशाला येतील?

इतकंच. याच्या खाली आणखी काही खोल दडलं असेल म्हणून मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अकोल्याच्या एका खाजगी नेत्ररुग्णालयाचं काम सरांकडं आलं. शिबिरात मोतीबिंदूसाठी नावं नोंदवलेल्या पेशंटना ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फोनवर मेसेज जायला हवा, एवढंच. 'उद्या या, उपाशीपोटी या, सोबत एक माणूस आणा.' सरांनी एआयला एका ओळीत विचारलं. माझ्या सांगण्याप्रमाणं.

कोड आल्यावर त्यांनी मला हाक मारली. "पाह्य ना वं, बरोबर हाय का?"

मी पाहिलं. वर ती एक ओळ होती — पेशंटला आदल्या दिवशी मेसेज पाठवायचा कोड दे. खाली कोड. छान, स्वच्छ दिसत होता. मला त्यात चूक दिसली नाही, हे शपथेवर सांगते. पण चूक असलीच तर ती कुठं असेल, हे मला ठाऊक होतं. मी एआयला लिहायचे त्या प्रत्येक मजकुरात असलेलं ते वाक्य इथं नव्हतं — आधी दिवस, मग महिना. मी त्या जागेवर बोट ठेवू शकले असते. तारखा कशा वाचतोय हा, एवढं विचारू शकले असते.

"छान आहे सर," मी म्हणाले.

सरांनी तपासलं नव्हतं असं नाही. त्यांनी पंचवीस तारीख घालून तपासलं. पण पंचविसावा महिना नसतोच, त्यामुळं कोडनं ती तारीख बरोबर वाचली. सहा आठ म्हटलं, की मात्र गडबड. आपल्याकडं ती सहा ऑगस्ट. त्या कोडनं आधी महिना धरून वाचली आठ जून.

आणि जूनमधल्या एका सकाळी अकोल्याच्या त्या दवाखान्यासमोर ऑगस्टची माणसं येऊन उभी राहिली. तेल्हाऱ्याकडची, बाळापूरकडची. डोळ्यांनी नीट न दिसणारी म्हातारी माणसं, कुणी नातवाचा हात धरून, कुणी सुनेचा. सगळी उपाशी. कुणी गावातून जीप करून आलेले, कुणी पहाटेच्या एसटीनं. ज्यांचं त्या दिवशी खरंच ऑपरेशन होतं, त्यांना मेसेज गेलाच नव्हता; त्यांच्यापैकी निम्मे आलेच नव्हते. डॉक्टर तयार, टेबलं रिकामी, आणि फाटकावर गर्दी. दवाखान्यानं सगळ्यांना चहा-बिस्किटं दिली, म्हणे. एका आजींनी मात्र चहाही घेतला नाही आणि परत जायलाही नकार दिला — बोलावलं तुम्हीच, आता डोळा केल्याबिगर जात नाही. दुपारी डॉक्टरांनी त्यांचं ऑपरेशन केलं. कुणाच्या डोळ्याला काही इजा झाली नाही, कुणाला काही बाधलं नाही. पण दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी राजेशभाऊंना फोनवर जे सुनावलं, ते आम्हाला काचेच्या दाराबाहेर ऐकू येत होतं.

संध्याकाळी राजेशभाऊंनी सगळ्यांना बोलावलं. चिडले नव्हते, थकलेले होते. "सर, हे तुमच्याकडून कसं झालं?"

सर उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नव्हते. "माह्यीच चूक," म्हणाले. "मले हे नवं समजून नाही राहिलं." एवढंच. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही — म्हणजे रागानं सोडा, शंकेनंही नाही. मी त्यांना काही चुकीचं सांगितलं असेल, हे त्यांच्या मनात यायला जागाच नव्हती.

मी काय केलं? मी समोरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसले. उघडलं, लावलं. उघडलं.

काम माझ्याकडं आलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी ते मी दुरुस्त केलं. पहिलंच वाक्य लिहिलं, आधी दिवस, मग महिना. राजेशभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, याला म्हणतात काम. सर टाळ्या वाजवणाऱ्यांत होते.

त्यांना कुणी काढलं नाही. त्यांना फक्त जुन्या क्लाएंटचे फोन घ्यायला बसवलं. काही महिन्यांनी त्यांनीच सांगितलं, की आता अकोल्याला जातो, मुलगी तिथंच आहे, त्यांच्या बायकोचं, आमच्या काकूंचंही मन तिकडंच आहे. निरोपाच्या दिवशी समोसे आणले होते. मी भाषण केलं. चांगलं झालं. माझा आवाजही भरून आला — आणि तो खोटा नव्हता, हेच तर मला अजून कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं करून मी दुःखी नाही म्हणते, ते कसं? सांगते. सर अकोल्यात सुखात आहेत. खरंच. जठारपेठेत त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत क्लास काढला आहे. आसपासच्या तालुक्यांतली मुलंमुली येतात, कोड शिकतात. नातवाला शाळेतून आणतात, गच्चीवर वांगी-टोमॅटो लावले आहेत. काकू म्हणतात, अमरावतीत हे कधी इतके बोलत नव्हते. यावर 'म्हणजे झालं ते बरंच झालं' असं म्हणता येईल. ते वाक्य माझ्या तोंडाशी अनेकदा आलं आहे. पण त्यांचं बरं त्यांनी केलं आहे. मी नाही.

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"अवं मंजू, तुह्यं ते एक ओळीचं मले काई जमलं नाही. मी आपलं लंबं लंबं लिहून पाह्यलं. कोन हाय, काय पाह्यजे, नमुना, सगळं. तं काय सांगू तुले — लय मस्त काम करून राहिलं ते! तू हुशार, तुले एका ओळीत जमते. माह्यासारख्या जुन्या माणसाले लंबंच लिहा लागते."

फोन कानाला लावून मी गॅलरीत उभी होते. खाली भाजीची गाडी आली होती. आता तर सगळं सोपं होतं. नुसतं हसून म्हणायचं, सर, मीही लांबच लिहिते. त्यांनी क्षणभर विचार केला असता — आणि मग त्यांना सगळं कळलं असतं.

"अरे वा सर," मी म्हणाले. "छानच."

त्यांच्या क्लासवर मी जाऊन आले, त्याला फार दिवस झाले नाहीत. त्यांनीच बोलावलं. एकदा येऊन पोरांना चार गोष्टी सांग म्हणाले. खोलीत मुलंमुली दाटीवाटीनं बसलेली, आणि सर मागच्या भिंतीशी. ओळख करून देताना म्हणाले, "हे माही पोरगी. हिले एका ओळीत जमते. आपल्याले नाही जमत, आपन लंबं लिहाचं."

सगळे हसले.

मी तासभर बोलले, आणि त्या तासात काही लपवलं नाही. कोण वापरणार ते सांगा. आज काय आहे, काय हवं ते सांगा. नमुना द्या. कशाला हात लावायचा नाही ते बजावा. अंदाज करू नकोस, विचार, असं लिहा. आलेला कोड डोळे मिटून घेऊ नका, वाचा, आणि अवघड तारीख घालून तपासा. सर मागून मान डोलवत होते. एकदा तर न राहवून बोललेच, "हे तं मी याह्यले पह्यल्या दिवशी सांगतो!"

आणि मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "हे सगळं मी सरांकडूनच शिकले."

टाळ्या पडल्या. सरांनी चष्मा काढून पुसला. मी बोलले ते अक्षर न् अक्षर खरं होतं. खऱ्या गोष्टीमागंही इतकं छान लपता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढं बसलेल्या एका मुलीनं हात वर केला. तेल्हाऱ्याची होती, चुणचुणीत. "मॅडम, मग तुम्ही एका ओळीत कसं काय लिहिता?"

सरही ऐकत होते. त्यांनाही हे कधीपासून जाणून घ्यायचं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"सवयीनं," मी म्हणाले.

त्या मुलीनं मान हलवली. तिला पटलं.

जेवायला काकूंनी भरीत-भाकरी केली होती. आग्रह करकरून वाढलं. संध्याकाळी सरांनी स्कूटरवरून स्टेशनला सोडलं, नको म्हणत असताना प्लॅटफॉर्मपर्यंत आले, पिशवीतली गच्चीवरची वांगी माझ्या हातात दिली. "आली तं बरं वाटलं वं," म्हणाले. मलाही बरं वाटलं होतं. फार बरं. ते मला माही पोरगी म्हणतात तेव्हा त्यांचा जो चेहरा होतो, तो मला तसाच हवा आहे. म्हणून मी सांगत नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून नव्हे.

गाडी सुटली. खिडकीशी जागा मिळाली होती, वारा येत होता. मूर्तिजापूरच्या आधीच मला गाढ झोप लागली. अमरावतीसाठी उतरायचं ते बडनेरा आल्यावर समोरच्या बाईंनी हलवून उठवलं. मी पिशवी घेतली आणि उतरले.